हुबळीचा संघ, परगावची मैदानं

हुबळीला गाडीतून उतरलं की पहिली गाठ फलाटाशी पडते. १,५०७ मीटर लांबीचा हा फलाट जगातला सगळ्यात लांब म्हणून गाजला. मार्च २०२३ मध्ये पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं, आणि तेव्हापासून त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढून घेणं हा इथला एक कार्यक्रमच झाला आहे. आपला डबा टोकाला असेल आणि हातात दोन बॅगा असतील, तर विक्रमाचं कौतुक जरा कमी होतं एवढंच. सप्टेंबर २०२४ पासून पुण्याहून सातारा, सांगली, मिरज, बेळगाव, धारवाड अशी वंदे भारत थेट इथवर येते. मी मात्र मिरजेहून साध्या गाडीनं आलो. लोंढ्याचं जंगल दिवसाउजेडी बघायचं तर तिचा रमतगमत जाण्याचा स्वभाव सोयीचा. अळणावर गेलं की झाडी विरळ होते, धारवाड गेलं की काळी जमीन उलगडत जाते, आणि हिवाळ्यात त्या जमिनीवर ज्वारी उभी असते.

हुबळीला जाणार म्हटल्यावर घरच्यांनी पेढ्याची मागणी नोंदवली आणि एका संगीतवेड्या मित्रानं कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांचं घर बघून ये, असं बजावलं. मी निघालो होतो क्रिकेटसाठी. तेही कसोटी किंवा आयपीएलसाठी नव्हे. बॅट-बॉलवर थोडेफार पैसे मिळतात, पण पोट चालवायला दुसरी नोकरी लागते, अशा खेळाडूंच्या प्रांतिक लीगसाठी. ‘हुबळी टायगर्स’ हा त्या लीगमधला संघ. दोनदा विजेता, तितक्याच वेळा अंतिम सामन्यात हरलेला. गावाचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून हुब्बळ्ळी झालं, संघ त्यानंतर वर्षभरानं आला, तरी जर्सीवर हुबळीच राहिली.

स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला विचारलं, “टायगर्सची मॅच कुठे असते?”

“टीव्हीवर,” तो म्हणाला.

त्यात थट्टा नव्हती.

कर्नाटक प्रीमियर लीग, म्हणजे केपीएल, २००९ मध्ये सुरू झाली. आयपीएलचं दुसरंच वर्ष होतं. राज्य पातळीवर तसाच प्रयोग करणाऱ्यांत कर्नाटक अगदी आघाडीवर होतं. शहरांच्या नावाचे संघ, उद्योगपती मालक, रात्रीचे सामने. दोन हंगाम होऊन ती थांबली, २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि २०१५ मध्ये हुबळी टायगर्स त्यात दाखल झाले. त्या काळात लीग खरोखर गावात येत असे. राजनगरच्या मैदानावर प्रकाशझोत लागत, आणि लोक कंपनीतून, बँकेतून, दुकानं लवकर बंद करून तिकडे जात. २०१६ मध्ये टायगर्स अंतिम सामन्यात बल्लारीकडून हरले. ३१ ऑगस्ट २०१९ ला त्याच बल्लारीला त्यांनी हरवलं. ८ धावांनी, म्हैसूरमध्ये.

राजनगरचं मैदान मी दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं. कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेचं हे मैदान आहे. बेंगळुरूच्या चिन्नास्वामीसारखी काँक्रीटची उंच भिंत इथे नाही. मोकळा घेर, भरपूर आकाश, कडेला ड्रेसिंग रूमची इमारत. सकाळच्या वाऱ्यात सीम गोलंदाजाला इथे मजा येत असणार हे बघताक्षणी पटतं. जानेवारी २०२४ मध्ये पंजाबच्या संघाला इथे कर्नाटकच्या वासुकी कौशिकनं एकाच डावात ७ बळी घेऊन गुंडाळलं होतं. मग देवदत्त पडिक्कलनं १९३ धावा काढल्या, मनीष पांडेनं शतक ठोकलं. हे दोघंही कधी ना कधी टायगर्सचे कर्णधार, म्हणजे आपल्या संघाच्या नावाच्या गावात ते खेळले ते रणजीच्या निमित्तानं.

पण या मैदानाचा खरा मोठा दिवस ऑक्टोबर २०१३ मधला. वेस्ट इंडीज ‘अ’ संघाविरुद्ध भारत ‘अ’ संघाचा कर्णधार चेतेश्वर पुजारा इथे नाबाद ३०६ वर उभा राहिला. मैदान तेव्हा नवंकोरं होतं. जमिनीला पहिल्या एकदोन वर्षांतच त्रिशतक लागावं, हे भाग्य मोठमोठ्या मैदानांच्या वाट्याला आलेलं नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात श्रीलंका ‘अ’ संघही बेळगाव आणि हुबळी अशा दोन्ही ठिकाणी खेळून गेला. म्हणजे सोय आहे, खेळपट्टी आहे, येणारी माणसं आहेत. नाहीत ते टायगर्स.

असं का झालं याचं उत्तर एका कारणात बसत नाही, पण पहिलं कारण २०१९ चंच आहे. टायगर्सनी जिंकलेल्या त्याच अंतिम सामन्यात पैसे घेऊन संथ खेळल्याच्या आरोपावरून पुढे प्रतिस्पर्धी संघातल्या खेळाडूंना बेंगळुरूच्या केंद्रीय गुन्हे शाखेनं अटक केली. आधी दुसऱ्या एका संघाच्या मालकावर सट्टेबाजीचा ठपका आला होता. एकामागून एक नावं बाहेर येत गेली आणि लीग आटोपली. त्यानंतर कोविड आला, त्यामुळे ती कायमची बंद पडली की फक्त विसावली, हे कळायलाही वेळ लागला.

या प्रकरणाचा शेवट मात्र वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर तेवढ्या ठळकपणे आला नाही. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं आरोपींवरचा फसवणुकीचा खटला रद्द केला. सामना ठरवून खेळणं हे बेइमानीचं असेल, शिस्तभंगाचं असेल, त्यावर क्रिकेट मंडळानं कारवाई करावी. पण भारतीय दंड संहितेच्या ४२० व्या कलमात ते बसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. सामना बघायला आलेल्या माणसानं तिकीट स्वतःच्या मर्जीनं काढलेलं असतं, त्याला कुणी फसवून पैसे द्यायला लावलेले नसतात, हा त्यातला युक्तिवाद वकिली दृष्टीनं बिनतोड आहे. तिकीट काढून बसलेल्या माणसाला तो पटेल का, हे वेगळं. टायगर्सवर यात काही आरोप नव्हता. तरी त्यांच्या पहिल्यावहिल्या करंडकावर तो डाग पडायचा तो पडलाच. हुबळीत अजूनही त्या विजयाचा विषय निघाला की बोलणारा आधी एक क्षण थांबतो.

२०२२ मध्ये लीग नव्या नावानं परतली. महाराजा ट्रॉफी हे नाव म्हैसूरच्या राजघराण्यातले श्रीकंठदत्त नरसिंहराज वाडियार यांच्या स्मरणार्थ. २०१३ मध्ये ते गेले तेव्हा राज्य संघटनेचे अध्यक्ष होते. संघ सहा झाले. पहिल्या वर्षी संघटनेनं मालकांना दूरच ठेवलं आणि खेळाडूंच्या श्रेणी ठरवल्या: भारताकडून किंवा आयपीएलमध्ये खेळलेल्याला ५ लाख, तळच्या श्रेणीतल्याला ५० हजार. पुढे लिलाव परत आला. २०२५ च्या लिलावात टायगर्सनी पडिक्कलसाठी १३ लाख २० हजार मोजले, त्या वर्षीची सगळ्यात मोठी बोली. आयपीएलच्या आकड्यांनी डोळे दिपलेल्याला ही रक्कम चिल्लर वाटेल. पण लीगचं खरं वजन तिच्या तळाशी कळतं. दोनतीन आठवड्यांच्या कामाचे ५० हजार, आणि टीव्हीवर एकदा तोंड दिसण्याची संधी. कुणा निवडकर्त्यानं नेमकी तीच ओव्हर बघितली तर नशीब.

प्रत्येक संघात आपल्या पट्ट्यातले निदान दोन खेळाडू हवेत, असा लिलावाचा एक नियम आहे. म्हणजे हुबळीच्या संघात हुबळी-धारवाड-बेळगाव भागातले दोन. उरलेले बहुतेक बेंगळुरूचे. मला हा नियम चांगला वाटतो आणि अपुरा वाटतो. दोनच्या जागी पाच केले असते तर गावाला संघ आपला वाटला असता, आणि बेंगळुरूच्या क्लबांनी आरडाओरडा केला असता.

नव्या लीगचे सामने २०२५ पर्यंत म्हैसूर आणि बेंगळुरूमध्येच झाले. टायगर्सनी २०२३ ची ट्रॉफी जिंकली ती बेंगळुरूत, म्हैसूर वॉरियर्सविरुद्ध. फरक पुन्हा ८ धावांचाच. २३ ऑगस्ट २०२४ ला चिन्नास्वामीवर बेंगळुरू ब्लास्टर्सशी त्यांची गाठ पडली आणि दोन्ही संघ १६४ वर अडकले. सुपर ओव्हर झाली, बरोबरी. दुसरी झाली, पुन्हा बरोबरी. तिसऱ्या सुपर ओव्हरमध्ये बेंगळुरूनं १२ केल्या आणि हुबळीनं १३. एका सामन्यात तीन सुपर ओव्हर! जगभरच्या क्रिकेटच्या बातम्यांत त्या रात्री हुबळीचं नाव गेलं. आणि हुबळीचा माणूस ते बघत होता मोबाईलवर, चारशे किलोमीटर दूर.

२०२५ मध्ये तर म्हैसूरलाही प्रेक्षक नव्हते. त्या वर्षी ४ जूनला चिन्नास्वामीबाहेर बेंगळुरूच्या आयपीएल विजयाच्या जल्लोषात चेंगराचेंगरी होऊन ११ माणसं गेली होती, त्यामुळे सगळी स्पर्धा बंद दाराआड खेळवली गेली. अंतिम सामना २८ ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. टायगर्स विरुद्ध मंगळुरू ड्रॅगन्स. हुबळीत दाजीबान पेठ, मराठा गल्ली, दुर्गदबैल इथले मांडव रोषणाईत न्हालेले, स्पीकर लागलेले. म्हैसूरच्या रिकाम्या स्टँडसमोर हुबळीचा संघ. दुसऱ्या डावात पाऊस आला, खेळ तिथेच थांबला आणि व्हीजेडी पद्धतीच्या हिशोबानं मंगळुरूला विजेता ठरवलं. व्ही. जयदेवन या केरळच्या अभियंत्यानं बसवलेलं ते गणित आहे, डकवर्थ-लुईसला पर्याय म्हणून. भारतातल्या देशी स्पर्धांत तेच चालतं.

त्या रिकाम्या स्टँडवरून दुसरी एक लीग आठवते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर केप कॉड नावाची बेसबॉल लीग आहे. दहा गावं, दहा संघ. उन्हाळ्यात देशभरच्या कॉलेजांतली पोरं तिथे येतात, गावातल्या घरांतून पाहुणे म्हणून राहतात, त्याच घरी जेवतात आणि संध्याकाळी गावच्या मैदानावर खेळतात. तिकीट नसतं. खेळ चालू असताना प्रेक्षकांतून वर्गणीचा डबा फिरतो. त्यातली बरीच पोरं पुढे मोठ्या लीगमध्ये जातात, आणि ज्या घरात ती राहिली त्या घरचे लोक आयुष्यभर टीव्हीसमोर बसून ‘आमचा पोरगा’ म्हणतात. खेळाडू तिथेही बाहेरचेच असतात, हे ध्यानात घ्यायला हवं. संघ गावचा होतो तो मैदानामुळे. हुबळीत नेमकी उलटी गोष्ट झाली आहे: नाव गावाचं ठेवलं आणि मैदान काढून घेतलं.

मग या गावात लीग नाहीच का? आहे. फक्त तिला प्रकाशझोत नाहीत.

राज्य संघटनेनं कर्नाटकाचे विभाग पाडले आहेत, त्यात धारवाड विभाग एक. बेळगाव, गदग, हावेरी, कारवारकडचा भाग याच विभागात येतो. या विभागाची स्वतःची डिव्हिजन लीग आहे, ५० षटकांची, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या गाठून चालणारी. हुबळी स्पोर्ट्स क्लब, बीडीके स्पोर्ट्स फाउंडेशन, बेळगावचा युनियन जिमखाना ही त्यातली जुनी-जाणती नावं. मी गेलो त्या सकाळी मैदानावर शामियाना म्हणून एक निळी ताडपत्री होती. तिच्याखाली एक टेबल, पाण्याचा जार, आणि टेबलामागे वयस्कर स्कोअरर. मराठी ऐकल्यावर त्यांनी खुर्ची पुढे केली.

“बसा की सर. बेळगावचे का?”

“सांगलीकडचा. काका, तुम्ही मराठीच ना?”

“घरात मराठी, बाहेर कन्नड, पुस्तकात इंग्लिश,” त्यांनी स्कोअरबुक वर धरून दाखवलं. लाल-निळ्या दोन पेनांनी ते लिहीत होते. शेजारच्या मुलाच्या मांडीवर लॅपटॉप होता. ऑनलाइन स्कोअर तो भरत होता आणि षटकागणिक काकांच्या वहीशी पडताळून बघत होता. चूक कुणाची निघते असं विचारल्यावर काका हसले आणि उत्तर टाळलं.

या लीगच्या हिशोबाविषयी त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. खेळाडूला मानधन असं काही नाही. चांगल्या क्लबात बसभाडं आणि जेवण सुटतं. किट स्वतःचं, किंवा क्लबच्या एखाद्या जुन्या सभासदानं हौसेनं दिलेलं. बहुतेक मुलं कॉलेजात, काही अकादमीत कोच म्हणून लहानांना शिकवणारी. ज्याला रेल्वेत खेळाडू कोट्यातून नोकरी लागली तो खरा सुटला. हुबळीला दक्षिण पश्चिम रेल्वेचं मुख्यालय आहे, त्याच्याही शंभरावर वर्षं आधीपासून रेल्वेचा कारखाना आहे. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली आणि तिच्यामुळे हे व्यापारी गाव रेल्वेचं शहर झालं. तेव्हापासून इथल्या आईबापांच्या डोळ्यांसमोर मुलाच्या खेळाचं अंतिम ध्येय भारताची टोपी हे नसतंच. रेल्वेचा पास असतो. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

काकांचा जीव खरा रमला तो मॅटिंगच्या गोष्टीत. राजनगरचं टर्फ यायच्या आधी या भागातलं बहुतेक क्रिकेट मॅटिंगवर चाले. काथ्याची जाड चटई ताणून कडेनं खिळे ठोकायचे, आणि ताण सैल पडला की चेंडू कुठे जाईल ते सांगता येत नसे. चटईवर चेंडू उसळतो आणि वळतो. फिरकी गोलंदाजाची चैन, फलंदाज मात्र मागच्या पायावर खेळायला शिकतो. “इथली पोरं बेंगळुरूला सिलेक्शनला जायची,” काका म्हणाले, “तिकडे टर्फ. चेंडू खाली राहायचा, पाऊल पुढं पडायचं नाही. दोन नेटमध्ये घरी परत.” खेडोपाडीचा खेळाडू मागे पडतो त्याला आपण लगेच राजकारण म्हणतो. ते असतंही. पण अर्धा प्रश्न पायाखालच्या जमिनीचा होता, हे मला त्या टेबलाशी बसून पहिल्यांदा नीट उमगलं.

मॅटिंगवरून पार झालेला सगळ्यात मोठा माणूस सुनील जोशी. जन्म १९७०, गदगचा. लहानपणी सरावासाठी भल्या सकाळी गदगहून हुबळीला यायचं, सुमारे साठ किलोमीटर, आणि सराव आटोपून शाळेसाठी परत गदगला जायचं. हा त्यांचा रोजचा क्रम होता. या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानं २६ सप्टेंबर १९९९ रोजी नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १० षटकांत ६ निर्धाव टाकून ६ धावांत ५ बळी घेतले. दक्षिण आफ्रिका ११७ वर आटोपली. पुढच्या वर्षी ढाक्यात, बांगलादेशाच्या पहिल्यावहिल्या कसोटीत, ९२ धावा आणि ८ बळी घेऊन ते सामनावीर ठरले. २०२० मध्ये राष्ट्रीय निवड समितीचं अध्यक्षपद मिळालं. सुनील जोशींच्या काही दशकं आधी गदगच्या स्टेशनवरून आणखी एक जोशी लहान वयात निघाले होते, खिशात पैसे नसताना, गुरूच्या शोधात. भीमसेन अण्णा ग्वाल्हेर, जालंधर फिरून शेवटी हुबळीजवळच्या कुंदगोळला, सवाई गंधर्वांकडे येऊन स्थिरावले. गदग-हुबळी या लोहमार्गानं गाण्याला आणि फिरकीला एकेक जोशी दिला, असं म्हटलं तर दोन्ही पंथांचे लोक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

बेळगावच्या रोनित मोरेची गोष्ट अलीकडची. मराठी घरातला हा वेगवान गोलंदाज याच विभागातून वर आला. जानेवारी २०१९ मध्ये रणजी उपांत्य सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध त्यानं एका डावात ६ बळी घेतले. कर्नाटक तरीही हरलं, कारण दुसऱ्या डावात नाबाद शतक ठोकून पुजारा उभा होता. हुबळीला ३०६ काढून गेलेला तोच. काकांनी या योगायोगावर एवढंच म्हटलं की त्या माणसाला कर्नाटकात यायला बंदी घालायला हवी.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. दोन्ही संघ एकाच टेम्पोतून आलेल्या डब्यांवर बसले. मी सावजी खानावळ गाठली. नागपूरकर सावजीवर हक्क सांगतात तो त्यांचा त्यांनी सांगावा. हुबळीचे सावजी हा सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाज, दाजीबान पेठेत त्यांचं तुळजाभवानीचं देऊळ आहे, आणि त्यांच्या खानावळीतलं मटण खाल्ल्यावर दुपारच्या सत्रात क्षेत्ररक्षण करणं कुणालाही शक्य नाही.

धारवाडला चिगरी बसनं गेलो. हुबळी-धारवाड ही १९६२ पासून एकच महानगरपालिका आहे, मध्ये वीसेक किलोमीटरचं अंतर आहे, आणि या वातानुकूलित बससाठी रस्त्याच्या मधोमध राखून ठेवलेली वाट आहे. हुबळी व्यापार करते, धारवाड शिकतं आणि गातं, असं दोन्हीकडचे लोक सांगतात, फक्त सूर वेगळा लावून. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख मुंबई राज्यात होता. १९१७ मध्ये निघालेलं कर्नाटक कॉलेजही आधी मुंबई विद्यापीठालाच जोडलेलं. त्या कॉलेजच्या मैदानावर संध्याकाळी एकाच वेळी इतके सामने चालू होते की एकाचा फाइन लेग दुसऱ्याचा मिडऑफ होता, आणि कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं. लाईन बझारला जाऊन पेढे घेतले. धारवाडी पेढ्याला भौगोलिक मानांकन आहे. दुकानासमोरच्या रांगेला ते असण्यानसण्यानं फरक पडला नसता.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. विभागीय लीगचे सामने पावसाळा सोडून सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरू होतात, तिकीट नसतं, आणि त्या दिवशी कुठल्या मैदानावर सामना आहे हे राजनगरच्या फाटकावर विचारलं की कळतं. टोपी न्यावी, सावली कमी आहे. टायगर्सचा सामना बघायचा असेल तर ऑगस्ट गाठावा, वेळापत्रक बघावं, आणि त्यात हुबळीचं नाव नसलं तर संध्याकाळी हुबळी स्टेशनवरून हंपी एक्स्प्रेस पकडावी. सकाळी ती म्हैसूरला सोडते. दार उघडं आहे ना, याची चौकशी मात्र आधी करून ठेवावी.